'वाल्ड' आणि 'वाल्टेन' : दिसायला भाऊ, पण कुळं वेगळी

तुमची शंका अशी : जर्मनमध्ये 'वाल्ड' म्हणजे जंगल, 'वाल्टेन' म्हणजे राज्य चालवणं आणि 'गेवाल्ट' म्हणजे बळ किंवा बळजबरी, मग ज्याच्या ताब्यात जंगल तो राजा, असं काही मुळात असेल का? कल्पना झकास आहे, पण जमत नाही. आणि ते पडताळायला साधा शब्दकोश पुरतो.

इंग्रजी 'गोल्ड', 'वाइल्ड', 'फील्ड' घ्या. जर्मनमध्ये त्यांचे जोडीदार गोल्ड, विल्ड, फेल्ड, म्हणजे लिहिताना ड कायम. आता 'ओल्ड', 'कोल्ड', 'होल्ड' घ्या : आल्ट, काल्ट, हाल्टेन. इथे ट आला. कारण मूळ जर्मानिकमध्ये, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या सामाईक पूर्वज भाषेत, पहिल्या गटात थ होता आणि दुसऱ्यात द. चौथ्या शतकातल्या गॉथिक (याच कुळातली, आता लुप्त झालेली भाषा) बायबलमध्ये सोनं 'गुल्थ' आहे आणि थंड 'काल्द्स'. जर्मनने थ चा ड केला, द चा ट केला, त्यामुळे भेद शाबूत राहिला. इंग्रजीने ल नंतरच्या थ चाही ड करून टाकला आणि भेद पुसला. 'फोल्ड'-'फाल्टेन' ही जोडी तेवढी फसवते. गॉथिकमध्ये तिथे थ आहे.

'वाल्ड' उच्चारताना शेवटी ट ऐकू येतो, त्यावर जाऊ नका. अनेकवचन 'वेल्डर' केलं की ड परत येतो. म्हणजे जंगल सोन्याच्या रांगेत, आणि ट-वालं 'वाल्टेन' म्हाताऱ्या 'आल्ट'च्या रांगेत. इंग्रजीत तर दोन्ही एकरूपच झाले : केंट-ससेक्समधला 'वील्ड' हा एकेकाळचा दाट जंगलपट्टा आणि सत्ता किंवा हत्यार चालवणं या अर्थाचं 'वील्ड' हे क्रियापद, कानाला काहीच फरक नाही.

सत्तेच्या शब्दाचं गणगोत मोठं आहे. लॅटिन 'वालेरे' म्हणजे बळकट असणं (त्यातूनच 'व्हॅल्यू', 'व्हॅलिड'), लिथुआनियन 'वाल्दिती' म्हणजे राज्य करणं, आणि व्लादिमिरमधला 'व्लाद'ही याच गोतातला. इसवी सन १६ मध्ये रोमनांच्या बाजूने लढलेल्या बटाव्ही टोळीच्या नायकाचं नाव रोमन इतिहासकार टॅसिटसने 'खारिओवाल्दा' असं नोंदवलंय. 'हारी' म्हणजे सैन्य, 'वाल्द' म्हणजे अधिपती. आपला सेनापतीच की! हॅरॉल्ड हे त्याच जोडणीचं नाव, आणि वॉल्टर म्हणजे तेच दोन तुकडे उलटे लावलेले. आर्नोल्ड म्हणजे गरुड अधिक सत्ता. गरुडाचं रान नव्हे. ढोबळ नियम : जुन्या व्यक्तिनामात सत्ता, गावाच्या नावात जंगल (ग्राइफ्सवाल्ड, एबर्सवाल्डे).

'वाल्ड'च्या मुळाबद्दल एकमत नाही. कोणी 'विल्ड'शी म्हणजे रानटीशी जोडतं, कोणी पानांच्या झुबक्याशी. मला पहिलं जास्त पटतं. पण त्याहून मजेशीर आहे तो अर्थाचा प्रवास. नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेत हाच शब्द 'वोल्लर' झाला आणि अर्थ झाला मोकळं मैदान. आइसलँडची लोकसभा ९३० पासून जिथे भरायची ते थिंगवेल्लिर म्हणजे सभेची मैदानं. यॉर्कशरचे 'वोल्ड्स'ही आज उघड्या टेकड्या आहेत. आपल्याकडे आयुर्वेदातला 'जांगल देश' कोरडा आणि विरळ झाडीचा, आणि त्यातून आलेलं 'जंगल' मात्र दाट. तिकडे प्रवास उलट झाला.

जंगल आणि सत्ता यांची खरी गाठ हवी असेल तर 'फॉरेस्ट' बघा. फ्रँक राजांच्या काळातल्या लॅटिनमध्ये 'फोरेस्तिस' म्हणजे राजाने शिकारीसाठी राखलेली जमीन. झाडं असोत वा नसोत. इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने १०७९ च्या सुमारास राखलेल्या न्यू फॉरेस्टमध्ये आजही मोठमोठी माळरानं आहेत. या राखीव भागांत लोकांना गुरं चारणं, सरपण आणणं इतकं जाचक झालं की १२१७ मध्ये त्यासाठी वेगळी सनद काढावी लागली. जर्मनमध्ये तो शब्द 'फोर्स्ट' म्हणून आहेच : कुणीतरी राखलेलं, व्यवस्थापन असलेलं वन. वनाधिकारीही त्यामुळे 'फ्योर्स्टर', 'वाल्ड'शी त्याचं नातं फक्त कामापुरतं.