इंजिनात ठोका आला, थेट नवं इंजिनच टाकायचं का?

प्रश्न : माझी दोन आसनी, सहा सिलिंडरची स्पोर्ट्स कार आहे. वॉरंटी संपून वर्ष झालं. गाडी ६२,००० किलोमीटर चालली आहे, सर्व्हिस एकदाही चुकवलेली नाही. गेल्या आठवड्यात तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिला असताना इंजिनातून ठोके ऐकू आले आणि ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी बाजूला घेऊन लगेच बंद केली. सर्व्हिस सेंटरने इंजिन न उघडताच सांगितलं, "पूर्ण इंजिन बदलावं लागेल." हा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त आहे. ओळखीचे मेस्त्री म्हणतात, एकदा सुरू करून आवाज ऐकवा. काय करू? की आहे तशी विकून टाकू?
— एक वाचक

उत्तर : मेस्त्रींना आवाज ऐकवू नका. अगदी पाच सेकंदही नाही. शक्य असेल तर बॅटरीची वायर काढून ठेवा, म्हणजे गॅरेजमध्ये दुसरं कोणी उत्साहाने किल्ली फिरवणार नाही. इंजिन चालू असताना क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याला आधार देणारं बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो, दोन्ही धातू एकमेकांना टेकतच नाहीत. ऑइलचा दाब गेला की तो थर फाटतो आणि धातूवर धातू घासतो. या टप्प्यावर इंजिन थांबलं तर बऱ्याचदा क्रँक ग्राइंड करून (घासून थोडा बारीक करून) त्या मापाचं अंडरसाइज बेअरिंग घालता येतं. आणखी थोडं चाललं तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो, आणि मग बोलण्यासारखं काही उरत नाही. तुम्ही इंजिन तत्काळ बंद केलंत, त्यामुळे पहिली शक्यता अजून हातात आहे. ती जपा.

आता "पूर्ण इंजिन बदला" या निदानाबद्दल. न उघडता सांगितलेलं निदान मी मानत नाही. सर्व्हिस सेंटरच्या दृष्टीने पूर्ण इंजिन बदलणं सोपं असतं, पण पैसे तुमचे जाणार आहेत, त्यामुळे कारण कळण्याचा हक्कही तुमचा आहे. त्यांना लेखी कळवा की आधी तपासणी हवी. ऑइल स्वच्छ भांड्यात काढायचं, फेकायचं नाही. ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून बघायच्या. चमकणारे कण लोहचुंबकाला चिकटले तर क्रँक, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), चेन किंवा पिस्टन रिंगकडे संशय जातो. न चिकटणारे रुपेरी कण म्हणजे पिस्टनचं अॅल्युमिनियम किंवा बेअरिंगचा वरचा थर. तांबूस झाक दिसली तर बेअरिंग आतल्या थरापर्यंत झिजलं आहे. प्लास्टिकचे तुकडे निघाले तर चेन गाइड (चेनला जागेवर ठेवणारी पट्टी) बघा. मग खालचा ऑइल पॅन (ऑइल साठतं ते भांडं) उतरवायचा आणि ऑइल पंपाची जाळी तुंबली आहे का ते पाहायचं.

वरच्या बाजूने स्पार्क प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घालून सिलिंडरवर ओरखडे आहेत का, पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्ह आपटल्याच्या खुणा आहेत का ते दिसतं. कॉम्प्रेशन टेस्ट मात्र करू देऊ नका, तिच्यासाठी स्टार्टर मारावा लागतो. त्याऐवजी लीक-डाउन टेस्ट (हवा कुठून गळते ते बघणारी) करा. क्रँक पान्याने हळू फिरवायचा, अडला तर जोर करायचा नाही. सिलिंडरमध्ये हवा भरल्यावर ती एक्झॉस्टमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. प्रत्येक पायरीचे फोटो घ्या आणि काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून स्वतःच्या ताब्यात ठेवा.

कारण सापडलं की कंपनीला पत्र लिहा. वॉरंटी संपली म्हणजे दार बंद झालं, असं समजू नका. पोर्शच्या एम९६ इंजिनाचं उदाहरण घ्या. त्यातल्या इंटरमीडिएट शाफ्टचं (क्रँकची गती कॅमकडे नेणारा दांडा) सीलबंद बेअरिंग तुटलं की कॅमचं टायमिंग सरकतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. अमेरिकेत २००१ ते २००५ च्या बॉक्स्टर आणि ९११ साठी सामूहिक दावा झाला, २०१३ मध्ये तडजोड झाली आणि अनेक मालकांना दुरुस्तीचा खर्च परत मागता आला. माझदाने आरएक्स-८ च्या रोटरी इंजिनाची वॉरंटी तिथे ८ वर्षं किंवा १,००,००० मैलांपर्यंत वाढवली. तुमच्या मॉडेलच्या इंजिनातही अशी माहीत असलेली कमजोरी आहे का, हे शोधा. असेल तर पत्रात तिचा उल्लेख, सर्व्हिसची सगळी बिलं आणि कापलेल्या फिल्टरचे फोटो जोडा. कंपनी आधी ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) तपासेल. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन मर्यादेपलीकडे फिरल्याची नोंद राहते. घाईत खालचा गिअर पडला तर रेव्ह लिमिटर (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) काही करू शकत नाही, कारण तेव्हा चाकंच इंजिनाला फिरवत असतात. म्हणून तो रिपोर्ट पत्र पाठवण्यापूर्वी स्वतः मागून घ्या.

दुसऱ्या गाडीचं जुनं इंजिन आणून बसवण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. दोष त्या डिझाइनचाच असेल तर आणलेल्या इंजिनातही तोच दोष येणार. आणायचंच झालं तर त्याचा पॅन बाहेरच उतरवून बेअरिंग बघा, मगच बसवा. मला विचाराल तर ब्लॉक आणि क्रँक शाबूत असतील तेव्हा तुमचंच इंजिन नीट बांधून घेणं बरं. काम अशा माणसाकडे द्या जो क्रँक मायक्रोमीटरने मोजतो, बेअरिंगमधली फट लिहून देतो आणि रॉडचे बोल्ट नवे घालतो.

एका गोष्टीवर मात्र अजिबात तडजोड करू नका : ऑइल कूलर. धातूचा चुरा कूलरच्या बारीक नळ्यांमध्ये अडकून राहतो आणि कितीही धुतला तरी तो पूर्ण निघाल्याची खात्री देता येत नाही. इंजिन जोडल्यावर पहिल्याच फेरीत तो सुटून नव्या बेअरिंगमध्ये जातो. कूलर नवाच घाला, पाइप उघडून साफ करा, ड्राय संप (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) असेल तर ऑइलची टाकीही. बांधलेलं इंजिन काही महिन्यांत पुन्हा ठोकायला लागलं की लोक मेस्त्रीला दोष देतात, पण मी पाहिलेल्या बऱ्याच इंजिनांत चुरा जुन्या कूलरमधूनच आला होता.

विकण्याचं म्हणाल तर आज विकू नका. "इंजिन बंद" एवढंच सांगून विकायला काढलेल्या गाडीचा भाव गिऱ्हाईक सर्वांत वाईट शक्यता धरूनच करतं. उघडलेलं इंजिन, मोजमापांचा कागद आणि कारण समोर ठेवलंत तर अशा गाड्या हौसेने बांधणारे लोक वेगळा भाव देतात. तपासणीचा खर्च दोन्ही वाटांवर उपयोगी पडतो, म्हणून तो आधी करा. विकायचं की बांधायचं, ते पॅन उतरल्यावर ठरवा.