विभक्त पालकांनी मुलांच्या सुट्ट्या ‘निम्म्या-निम्म्या’ वाटायच्या म्हणजे नेमके काय? जास्त दिवस मागितल्यास नकार देता येतो का?

मुलगा आपल्या ताब्यात आहे, न्यायालयाच्या आदेशात ‘सुट्ट्या निम्म्या-निम्म्या’ एवढेच म्हटले आहे आणि त्याचे वडील आता दिवाळीची संपूर्ण सुट्टी मागत आहेत, तर कायद्याने नकार देता येतो का, असे आपण विचारले आहे. आदेशात निम्मी असेल तर निम्मीपेक्षा अधिक देण्याचे बंधन आपल्यावर नाही. मात्र हा शब्द दिसतो तितका निरुपद्रवी नाही. मी ताबा नसलेला बाप आहे आणि त्या शब्दाने माझा एक अख्खा उन्हाळा खाल्ला आहे, म्हणून हे उत्तर लिहितो आहे.

आमचा घटस्फोट परस्पर संमतीने झाला. मुलगी आईकडे राहील आणि उन्हाळी सुट्टीचा पहिला निम्मा भाग माझ्याकडे घालवील, असे संमतीच्या अटींत ठरले. तारखा, वेळा, तिला कोणी न्यायचे आणि कोणी पोहोचवायचे, हे सर्व लिहून घ्यावे असा माझा आग्रह होता. परंतु दोन्ही घरांत मध्यस्थी करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने तो मोडून काढला. ‘आपण शिकलीसवरलेली माणसे, पोटच्या मुलीचे वेळापत्रक वकिलाकडून टाइप करून घेणार का?’ असे दादा म्हणाला आणि मी गप्प बसलो.

पहिल्याच वर्षी शेवटचा पेपर एप्रिलच्या मध्यास झाला आणि निकाल महिनाअखेरीस होता. मी सुट्टी पेपर संपल्यापासून मोजली, तिच्या आईने निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून, आणि दोन्ही हिशेब अटीच्या शब्दांत चपखल बसत होते. ठरवल्याप्रमाणे, म्हणजे माझ्यापुरते ठरवल्याप्रमाणे, मी सकाळी दहा वाजता दारात उभा राहिलो तेव्हा मुलगी बूट घालून, पाठीला दप्तर अडकवून तयार होती, कारण आदल्या रात्री मीच तिला फोनवर तसे सांगून ठेवले होते. ती चूक माझी होती आणि मी ती नाकारत नाही. आम्ही दोघे उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभे राहून दिवस मोजत भांडत राहिलो आणि ती चपलांच्या मांडणीशेजारी बसून एकाच बुटाची नाडी सोडत आणि पुन्हा बांधत राहिली. शेवटी मी एकटाच परतलो. मग अर्ज केला, समोरच्या पक्षाला म्हणणे मांडण्यासाठी तारीख मिळाली, आणि ती तारीख येण्याआधी न्यायालयाचीच उन्हाळी सुट्टी लागली. सुट्टीतही तातडीची प्रकरणे ऐकली जातात हे खरे, परंतु ‘पेपर की निकाल’ हा वाद तातडीचा कसा, हे माझ्या वकिलांना पटवून देता आले नाही.

कायद्यात याचे उत्तर शोधू नका, कारण ते तेथे नाही. हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांबाबत, शक्य तेथे मुलांची इच्छा लक्षात घेऊन, योग्य तो आदेश देण्याचा व पुढे तो बदलण्याचा अधिकार न्यायालयाला देते. सुट्टीचा त्यात उल्लेखही नाही. निम्मी-निम्मी ही न्यायालयांची वहिवाट आहे, कलम नव्हे. म्हणूनच आपल्या आदेशातील मोघमपणा त्याच न्यायालयात अर्ज करून दूर करून घेता येतो, आणि दोघांची संमती असेल तर ते काम फारसे अवघडही नसते. आम्ही दुसऱ्या वर्षी दीड पानाच्या सुधारित अटी दाखल केल्या. दादा आजही त्या कागदाला ‘भाडेकरार’ म्हणतो. म्हणू दे, त्यानंतरच्या सहा उन्हाळ्यांत दारात एकदाही भांडण झालेले नाही, आणि शिकलेल्या माणसांचा समजूतदारपणा पहिल्या उन्हाळ्यात दहा मिनिटेही टिकला नव्हता.

आपल्या जागी मी असतो तर या दिवाळीची संपूर्ण सुट्टी दिली असती, पण पुढच्या वर्षीची संपूर्ण सुट्टी माझ्याकडे, हे लेखी घेऊनच. त्या काळात मुलाशी रोज फोनवर बोलण्याची वेळही त्यात घाला. ताबा नसलेल्या पालकाला, विशेष परिस्थिती नसल्यास, मुलाशी रोज पाच ते दहा मिनिटे बोलता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मधील एका निकालात म्हटले आहे. तोच न्याय सुट्टीपुरता आपल्यालाही मागता येईल. नकार द्यायचा असेल तर वाढीव दिवसांना द्या. ठरलेली निम्मी सुट्टी अडवून धरलीत तर अंमलबजावणीचा अर्ज किंवा अवमानाची कारवाई ओढवू शकते.

हे आधीच सांगायला हवे होते की मी वकील नाही, आणि घरात मारहाण झाली असेल किंवा मूल दुसऱ्या पालकाला घाबरत असेल तर वरील देवाणघेवाण विसरून देखरेखीखालील भेटीची मागणी करावी. आपला विवाह विशेष विवाह कायद्याखालील असल्यास कलम ३८ पाहावे. इतरांसाठी १८९० चा पालक व पाल्य कायदा आहेच. अटी नव्याने लिहाल तेव्हा सुट्टी कोणत्या दिवसापासून मोजायची, निकालाचा दिवस कोणाचा आणि दिवसांची संख्या विषम आली तर उरलेला दिवस कोणाकडे, ही तीन वाक्ये पहिल्याच पानावर घ्या.