'शिश्निका' म्हणावं की 'भगांकुर'?

प्रश्न असा आला आहे : स्त्रियांच्या कामसुखावरचा एक लेख मराठीत आणताना 'क्लिटोरिस'साठी, म्हणजे स्त्रीच्या योनिमुखाच्या वर असलेल्या संवेदनशील अवयवासाठी, शब्दकोशातला 'शिश्निका' वापरावा का? आणि 'ऑर्गॅझम'ला, म्हणजे कामसुखाच्या परमोच्च क्षणाला, 'स्खलन' म्हटलं तर चालेल का?

'शिश्निका' व्याकरणाने चोख आहे. नाटक-नाटिका, पुस्तक-पुस्तिका, तसं शिश्न-शिश्निका. पण या 'इका'मुळे अर्थ होतो 'छोटं शिश्न', आणि तिथेच माझं मन अडतं. गर्भात दोन्ही अवयव एकाच उंचवट्यापासून घडतात हे खरं, म्हणून तुलना अगदीच निराधार नाही. पण शिश्नातून मूत्र जातं, वीर्य जातं. क्लिटोरिसमधून काहीच जात नाही, त्याचं ज्ञात काम एकच, सुख. शिवाय तो छोटाही नाही. बाहेर दिसतो तो वाटाण्याएवढा टोकाचा भाग. उरलेला आत आहे, दोन्ही बाजूंना पाय फुटल्यासारखा पसरलेला, योनिमार्गाला कवेत घेणारा. ऑस्ट्रेलियातल्या शल्यविशारद हेलेन ओकॉनेल यांनी 1998 साली ही रचना नीट मांडली. इतकी उशिरा!

म्हणून मला 'भगांकुर' आवडतो. अंकुर वर इवलासा दिसतो, पण त्याचं मूळ मातीत असतं. आणि 'भग', म्हणजे स्त्रीचं जननांग, हा काही लाजेचा शब्द नाही. संस्कृतात त्याचा अर्थ भाग्य, ऐश्वर्य, सुख असाही आहे. 'भगवान', 'सुभगा', 'सौभाग्य' त्यातूनच आले. ज्या अवयवाला आपण 'खालची जागा' म्हणून टाळतो, त्याच्या नावात सौभाग्य दडलेलं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

वाक्यात घालून पाहा : 'उत्तेजना वाढते तसं भगांकुरात रक्त भरतं, तो फुगतो, परमोत्कर्षाच्या आधी त्याचं टोक त्वचेच्या घडीखाली ओढलं जातं.' वाचताना अडखळायला होत नाही. (हे शेवटचं अनुवादात गाळू नका. टोक दिसेनासं झालं की उत्तेजना ओसरली असं जोडीदाराला वाटतं, आणि तो नेमका तेव्हाच थांबतो.) अंकुर पुल्लिंगी, म्हणून 'भगांकुराला', 'भगांकुरावर'. पहिल्या उल्लेखापाशी 'म्हणजे क्लिटोरिस' एवढं जोडा. दवाखान्यात बाईला तोच शब्द ऐकू येणार आहे.

'स्खलन' मात्र नको. त्याचा अर्थ घसरणं, गळून पडणं. पुरुषाच्या वीर्यपतनापुरता तो ठीक. स्त्रीच्या परमोत्कर्षात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू साधारण 0.8 सेकंदाच्या अंतराने लयीत आकुंचन पावतात, आणि काही स्त्रियांना लगेच पुन्हा तो अनुभव येऊ शकतो. यात गळून काय पडलं? 'परमोत्कर्ष' लिहा. संवादात पात्रं बोलत असतील तर सरळ 'ऑर्गॅझम'च ठेवा, बायका एकमेकींशी बोलताना तोच शब्द वापरतात.