शेंग कुठाय?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे तीन फोटो मिळाले. पिवळे गोल गोंडे, पांढुरके काटे, बारीक पानं, आणि खाली घाबराघुबरा प्रश्न : "सर, ॲप एकदा बाभूळ म्हणतं, एकदा देवबाभूळ. काय लिहू?" काहीच लिहू नकोस. शेंग कुठाय?

गोंडे दोघींचेही पिवळे, काटेही दोघींचे जोडीजोडीनं. फरक शेंगेत. बाभळीची शेंग चपटी, पांढरट लव असलेली, दोन बियांमध्ये आवळलेली, मण्यांची माळ जशी. देवबाभळीची फुगीर, काळपट तपकिरी, कुठंही न आवळलेली. गेल्या वर्षीच्या शेंगा झुडपाखाली पडलेल्या असतात. वाकायचा कंटाळा का?

शेंग नाहीच मिळाली तर (ही पळवाट मला आवडत नाही, तरी सांगतो) गोंड्याचा देठ भिंगाखाली धर. बाभळीत इवल्या सहपत्रांचं (फुलांलगतच्या चिमुकल्या पानांचं) कडं देठाच्या मध्यावर असतं, देवबाभळीत थेट गोंड्याखाली.

नावातल्या 'देव'ला भुलू नको. हे झुडूप उष्ण अमेरिकेतलं. रोमला फार्नेझे घराण्याच्या बागेत ते वाढवलं होतं, त्यावरून वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ साली त्याला 'फार्नेसियाना' म्हटलं. फ्रान्समध्ये ग्रास गावी त्याच्या फुलांचं अत्तर काढत. आपल्याकडे येऊन ते असं मुरलंय की गावातली म्हातारी माणसंही त्याला इथलंच समजतात.

मीही समजलो होतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका ओढ्याकाठची यादी करताना नुसती फुलं बघून तीसेक झुडपांपुढे 'बाभूळ' लिहिलं. ती यादी पुढे दोन अहवालांत जशीच्या तशी उतरली, आणि तिच्या भरवशावर कुणीतरी 'देशी बाभूळबन टिकून आहे' असंही लिहून टाकलं. चूक माझीच. पण तेव्हा माझ्याकडे भिंग नव्हतं, साहेबांना अंधाराच्या आत परतायचं होतं, जीप थांबवा म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती... जाऊ दे. शेंगा जीपच्या चाकाखालीच होत्या.

आणि शास्त्रीय नावात 'ॲकेशिया लिहू की व्हॅचेलिया' म्हणून रडत बसू नको. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ॲकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं, आपल्या बाभळींच्या वाट्याला व्हॅचेलिया आलं, २०११ साली मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. माझा राग अजून गेलेला नाही. पण शेंग होती तशीच आहे ना?

रविवारी पुन्हा जा. बूट घाल, चपलेतून काटा आरपार जातो. शेंग वर्तमानपत्रात गुंडाळून पाठव. फोटो नको.