अण्णांनी ओबामांना ८८ गुण दिले होते

प्रश्न: अमेरिकेतल्या अध्यक्षीय प्रायमरींचे (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्याराज्यांतल्या निवडणुकांचे) निकाल नेमके कसे बघायचे? आणि उमेदवाराच्या बोलण्याच्या शैलीवरून तो जिंकेल की नाही हे सांगता येतं का?

उत्तर:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यावरून आमच्या घरात २००८ पासून भांडण चालू आहे. नाही, सांगता येत नाही. जो म्हणतो की मी भाषण ऐकून निकाल सांगतो, त्याला आधीच्या दोन-तीन निवडणुकांत काय सांगितलं होतंस ते विचारा. लगेच पाणी प्यायला उठेल.

आमचे अण्णा सांगली जिल्ह्यात मराठीचे शिक्षक होते. शाळेत शिकवलं ते शिकवलंच, पण पंचक्रोशीत ओळख परीक्षक म्हणून. वक्तृत्व स्पर्धा कुठलीही असो, तालुक्याची, गणेशोत्सवातली, साखर कारखान्याच्या वर्धापनदिनाची, तीन खुर्च्यांतल्या मधल्या खुर्चीत अण्णा ठरलेले. २००७च्या नोव्हेंबरात आई-अण्णा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आले. आईनं शेजारच्या गुजराती काकूंबरोबर आठवडाभरात ओक ट्री रोडची दुकानं पाठ केली. अण्णांना थंडी सोसेना. मग दिवसभर अंगावर शाल, समोर टीव्ही, आणि टीव्हीवर प्रायमरी.

डिसेंबरच्या एका संध्याकाळी कामावरून आलो तर अण्णांनी माझ्या मुलीची अर्धी वापरलेली वही घेऊन पट्टीनं रकाने आखले होते. आशय ४०, मांडणी २०, उच्चार २०, हावभाव १०, वेळेचं भान १०. डाव्या बाजूला एकाखाली एक नावं: ओबामा, क्लिंटन बाई, एडवर्ड्स, मॅकेन, हकबी, रोम्नी, ज्युलियानी. खरंच ‘क्लिंटन बाई’ असं लिहिलंय, वही अजून माझ्याकडे आहे. मी म्हटलं, अण्णा, तुम्हाला यांचे उच्चार तरी कळतात का? म्हणाले, “शब्द निम्मे कळतात. श्वास कुठं घेतो ते सगळं कळतं.”

मी तेव्हा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. मत नाही, काही नाही. पण आकड्यांचं वेड होतं, म्हणून ऑफिसच्या लॅपटॉपवर डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे राज्यांचे प्रतिनिधी) मोजणारी एक्सेल फाइल केली होती. तर एकाच सोफ्यावर एका टोकाला वही आणि दुसऱ्या टोकाला एक्सेल, असा तो हिवाळा गेला.

३ जानेवारीला आयोवाचा कॉकस, म्हणजे पक्षाच्या सभा भरवून घेतलेला कौल, झाला. ओबामा ३८ टक्क्यांच्या जवळ, एडवर्ड्स आणि हिलरी दोघंही ३०च्या आतबाहेर, त्यात हिलरी केसभर मागे, म्हणजे तिसऱ्या. रिपब्लिकनांत हकबी. अण्णांच्या वहीत ओबामा ८८ आणि हकबी ८४, दोघंही आपापल्या पक्षात पहिले. आता काय विचारता! हकबी मुळात बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. अण्णा म्हणाले, “हा कीर्तनकार आहे. पूर्वरंगात हसवतो आणि उत्तररंगात गळ्याला हात घालतो.” त्या रात्री त्यांनी सांगलीला फोन करून माझ्या काकांना अमेरिकेचा निकाल ‘आधीच काढला होता’ म्हणून सांगितलं. फोनकार्ड माझं.

पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायर. सगळ्या मतचाचण्यांत ओबामा पुढे. आदल्या दिवशी पोर्ट्समथच्या एका कॅफेत कुणा बाईनं हिलरींना विचारलं की हे सगळं तुम्ही कसं निभावता, आणि उत्तर देताना त्यांचा आवाज भरून आला. दिवसभर तीच क्लिप. अण्णांनी उच्चाराचे सहा गुण कापले: “आवाजावर ताबा नाही.” माझी बायको स्वयंपाकघरात गवार मोडत होती. तिथूनच म्हणाली, “उद्या बाई जिंकतात बघा.” आम्ही दोघांनीही तिच्याकडे लक्ष दिलं नाही. बाई जिंकल्या, साधारण अडीच टक्क्यांनी.

पण खरी ठिणगी पडली ती नंतर. हरल्यावर ओबामा नॅशुआच्या एका शाळेच्या जिममध्ये बोलले, तेच ते ‘येस वुई कॅन’. लोकांना वाटतं ते विजयाचं भाषण होतं. ते पराभवाचं होतं. अण्णा पुढं सरकून ऐकत होते. भाषण संपल्यावर त्यांनी ८८ खोडून ९१ केले. मी म्हटलं, “अण्णा, तो हरलाय.” तर म्हणाले, “म्हणून भाषण वाईट झालं का?”

मी एक्सेल दाखवली. हिलरींना डेलिगेट ९, ओबामांना ९. म्हटलं, बघा, टीव्हीवर ती जिंकली, तुमच्या वहीत तो जिंकला आणि हिशेबात कुणीच जिंकलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. हा त्यांचा विषय बंद करायचा मार्ग.

आता तुमचा पहिला प्रश्न. निकाल बघायचे म्हणजे डेलिगेट बघायचे, बाकी रंगीत नकाशा ही करमणूक. उदाहरण आमच्याच राज्याचं देतो. ५ फेब्रुवारी २००८, सुपर ट्यूसडे, म्हणजे एकाच दिवशी बऱ्याच राज्यांचं मतदान. न्यू जर्सीत ११ लाखांहून जास्त लोकांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलं. हिलरी दहा टक्क्यांनी जिंकल्या. डेलिगेट मिळाले ५९, ओबामांना ४८. फरक ११. त्याच रात्री आयडाहोच्या कॉकसला जेमतेम २१ हजार माणसं आली. ओबामांना १५, हिलरींना ३. फरक १२! आमचं अख्खं राज्य, टर्नपाइक आणि पार्कवे या महामार्गांसकट, बटाट्यांच्या राज्यातल्या २१ हजार लोकांनी पुसून टाकलं. टीव्हीवर मात्र न्यू जर्सीचा गाजावाजा, आयडाहो खालच्या पट्टीत सरकत होतं. मी ती ओळ पिवळी करून अण्णांना हलवून उठवलं. साडेअकरा वाजले होते. ते म्हणाले, “ओबामाच ना? मग मी काय म्हणत होतो?”

रिपब्लिकनांचं गणित निराळं. त्याच न्यू जर्सीत त्याच रात्री मॅकेनना ५५ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, म्हणजे साधारण हिलरींइतकीच, पण तिथं जिंकेल त्याला सगळे असा नियम होता, त्यामुळे राज्याचे सगळे डेलिगेट त्यांच्या खिशात. डेमोक्रॅट १५ टक्क्यांच्या वर असलेल्यांत वाटून देतात, रिपब्लिकन राज्यागणिक वेगळं करतात. म्हणून ‘अमुक जिंकला’ ऐकलं की आधी विचारायचं, वाटून की उचलून? आणि मोजणी किती टक्के झाली यापेक्षा कुठली राहिली ते बघायचं. शहर राहिलंय की खेडी, यावर रात्री दहाचं चित्र बारा वाजता उलटं होतं. घाई तर करूच नये. २०१२ला आयोवात रोम्नी ८ मतांनी जिंकले म्हणून जाहीर झालं, आणि दोन आठवड्यांनी पक्की मोजणी आली तेव्हा त्यांचे प्रतिस्पर्धी सँटोरम ३४ मतांनी पुढे होते. पेढे वाटून झाल्यावर.

अण्णा मे महिन्यात परत गेले. ३ जूनला ओबामांनी आवश्यक डेलिगेटचा आकडा पार केला, मी सांगलीला फोन लावला. पलीकडून पहिलं वाक्य: “माझ्या वहीत ३ जानेवारीलाच आहे.”

हे मला झोंबतं. कारण त्याच वहीप्रमाणे रिपब्लिकनांत हकबी यायला हवे होते. ८४ गुण! मॅकेनना अण्णांनी ५१ दिले होते, ‘हात वर जात नाही’ असा शेरा मारून. व्हिएतनाम युद्धात विमान पडताना मोडलेले आणि कैदेत धड न सांधलेले हात होते ते, वर जाणार कुठून? उमेदवारी मॅकेनना मिळाली. म्हणजे दोनपैकी एक बरोबर. नाणं उडवूनही एवढंच येतं.

आणि झोंबायचं दुसरं कारण जुनं आहे. १९८३, मी सातवीत, तालुक्याची स्पर्धा, विषय ‘श्रमाचे महत्त्व’. परीक्षक तिघे, मधल्या खुर्चीत अण्णा. मला उत्तेजनार्थ. नंतर दुसऱ्या परीक्षकांकडून कळलं की त्या दोघांनी मला दुसऱ्या क्रमांकाचे गुण दिले होते, खाली ओढलं ते अण्णांनी. लोक काय म्हणतील म्हणून, असं आई म्हणते. पहिला आलेला मुलगा आज तासगावात द्राक्षांच्या औषधांचं दुकान चालवतो आणि गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलायला त्याचा जीव जातो. असो.

टीव्हीवर भाषण ऐकून मत बनवणाऱ्यांनी डेमोक्रॅटांतले इच्छुक हॉवर्ड डीन यांचं २००४चं प्रकरण जरूर बघावं. आयोवात १८ टक्के घेऊन ते तिसरे आले, कार्यकर्त्यांसमोर राज्यांची नावं घेत घेत शेवटी ओरडले, आणि ती किंकाळी वाहिन्यांनी पुढचे कित्येक दिवस वाजवली. प्रत्यक्षात सभागृहात इतका गलका होता की ती आरोळी अनेकांना धड ऐकूही आली नव्हती. हातातला माइक असा की तोंडाजवळचा आवाज घेतो आणि मागचा गलका गाळतो. टीव्हीवर पोचला तो एकटा वेडा माणूस. मी ही क्लिप अण्णांना दाखवली होती. अण्णांनी दोनदा ऐकली आणि म्हणाले, “गणपतीत कर्ण्यासमोर उभं राहून बोललोय मी. स्वतःचा आवाज कानावर येत नाही, मग माणूस ओरडतोच.” गुण विचारले तर म्हणाले, “जिथं ऐकलं नाही तिथले गुण देत नाही.” हे त्यांचं म्हणणं मला पटलं. पण मग वहीतल्या बाकीच्या सातांना टीव्हीवरून गुण कसे दिले, याचं उत्तर त्यांनी दिलेलं नाही.

एकदा मात्र त्यांनी मला गप्प केलं. फेब्रुवारी २०१६, न्यू हॅम्पशायरच्या आधीचा वादविवाद. रिपब्लिकनांतले इच्छुक मार्को रुबिओ आयोवात तिसरे येऊन चढत होते. ख्रिस क्रिस्टी, म्हणजे आमचेच गव्हर्नर, त्यांना म्हणाले की तू पाठ केलेलं पंचवीस सेकंदांचं भाषण बोलतोस. आणि रुबिओंनी ओबामांवरचं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. अण्णांनी पुतण्याच्या मोबाइलवर ती क्लिप बघून मला फोन केला: “पाठांतराचं पोर आहे. अडवलं की मागच्या परिच्छेदावर जातं. संपला.” तीन दिवसांनी रुबिओ पाचवे आले. (क्रिस्टी सहावे येऊन बाहेर पडले, ते अण्णा सांगत नाहीत.) आणि त्याच प्रायमरीत ३५ टक्के घेऊन पहिले कोण आले? ट्रम्प. त्यांना अण्णांनी २२ गुण दिले होते. वाक्य सुरू करतो आणि दुसऱ्याच वाक्यात उतरतो, विषय सोडून बोलतो, घंटेला जुमानत नाही. सगळं खरं. पण ते पारावरचं बोलणं आहे. पारावर बसलेल्याला मांडणीचे गुण कोण देतं? लोक सरकून जागा देतात.

म्हणून म्हणतो, शैली ऐका, मजा घ्या. एखादा बुडतोय हे शैलीवरून कधी कधी कळतं. कोण तरतोय ते कळत नाही.

हे सगळं मी ज्या राज्यातून सांगतोय तिथं प्रायमरी येईपर्यंत बहुधा सगळं आटोपलेलं असतं, हेही लक्षात घ्या. २००८ला आम्ही फेब्रुवारीत होतो, नंतर पुन्हा जूनवर गेलो. नागरिक झाल्यावर माझी पहिली प्रायमरी ७ जून २०१६ची. आदल्या रात्रीच असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं जाहीर केलं की हिलरींचे डेलिगेट पुरे झाले. तरी गेलो, अर्धा दिवस रजा काढून. शिवाय क्रमही बदलत राहतो. २०२४ला डेमोक्रॅटांनी आयोवाचा पहिला मान काढून साउथ कॅरोलायनाला दिला, न्यू हॅम्पशायरनं ऐकलं नाही आणि आपली प्रायमरी आधी घेतलीच. तेव्हा माझं २००८चं गणित जसंच्या तसं वापरू नका.

गेल्या खेपेला गावी गेलो तेव्हा वही बरोबर नेली होती. हकबीचे ८४ दाखवले, मॅकेनचे ५१ दाखवले, आणि म्हटलं, अण्णा, आता १९८३चं बोलू. गुण का कापले? मला वाटलं, आता तरी ‘लोक काय म्हणतील’ हे तोंडावाटे येईल. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, “वेळेचं भान. घंटा झाल्यावर तू दीड मिनिट बोलत होतास.”

जुलै महिना होता, वर पत्र्याचं छप्पर होतं आणि पाऊस कोसळत होता. मला घंटा ऐकूच आली नव्हती. तसं सांगितलं.

अण्णा म्हणतात, बाकीच्या अकरा जणांना आली.