‘जशी आहे तशी’वर सही केली, आता तक्रार करता येते का?

प्रश्न : मी नागपुरात मानेवाड्याला राहतो. कामठी रोडवरच्या एका सेकंड हँड गाड्यांच्या दुकानातून सात वर्षं जुनी पेट्रोल कार ३ लाख ४० हजारांना घेतली. मीटरवर ५८ हजार किलोमीटर होते. महिना व्हायच्या आत हिंगणघाटला जाताना बुटीबोरीच्या पुढे गाडी गरम होऊन बंद पडली. मेकॅनिक म्हणतो, हेड गॅस्केट (इंजिनमधलं सील) गेलं आहे आणि रेडिएटरमध्ये गळती थांबवायची पावडर टाकलेली आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दोन वर्षांपूर्वीचीच नोंद ९१ हजारांची निघाली. दुकानदार म्हणतो, ‘भाऊ, चालवून पाहूनच घेतली नं तुम्ही? ‘जशी आहे तशी’वर तुमची सही आहे.’ आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे. काय करू?

उत्तर : तक्रार जरूर करा. पण आधी मेकॅनिकला फोन करून सांगा, इंजिन उघडू नको. चांगली प्रकरणं इथंच हातची जातात. गाडी दुरुस्त होऊन येते, जुने पार्ट भंगारात जातात आणि दाखवायला नुसतं बिल उरतं.

जुन्या गाडीत बिघाड निघाला, एवढ्यावर कुणी पैसे परत देत नाही. सात वर्षांच्या गाडीचं गॅस्केट जाऊ शकतं, हे दुकानदाराचा वकील पहिल्याच तारखेला सांगेल. दोष विक्रीच्या आधीचा होता आणि तो लपवला, हे तुम्हाला दाखवायचं आहे. म्हणून मला गॅस्केटपेक्षा ती पावडर महत्त्वाची वाटते. गाडी गरम होते हे कुणाला तरी ठाऊक होतं, त्याशिवाय ती कुणी टाकत नाही. रेडिएटरच्या तोंडाशी बसलेला तपकिरी गाळ, डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ झालेलं ऑइल, मीटरचा आकडा, या सगळ्याचे फोटो काढा. नंबर प्लेटपासून सुरू होणारा एक सलग व्हिडिओही घ्या. मेकॅनिकचं मत लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह मागा. जमलं तर दुसऱ्या गॅरेजचंही घ्या.

मीटरची बाब तर सरळ फसवणुकीची आहे. सर्व्हिस सेंटरकडून ती नोंद छापील घ्या. तुमची सही ‘जशी आहे तशी’वर आहे, पण गाडी कशी आहे हे तुम्हाला खोटंच सांगितलं होतं. फसवून घेतलेली संमती करार कायदा, १८७२ प्रमाणे रद्द करता येते. दुकानदार मीटर आपण फिरवलं नाही म्हणेल. तरीही चुकीचा आकडा दाखवून गाडी विकली त्यानेच. म्हणून जाहिरात, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, काहीही डिलीट करू नका.

पैसे कुणाच्या खात्यात गेले आणि पावती कुणी दिली, हेही पाहा. व्यवहार दुकानाशी असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. एखाद्याने घरची गाडी स्वतःच विकली असती, तर तो व्यापारी ठरत नाही आणि तुम्हाला दिवाणी न्यायालयात जावं लागलं असतं. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ असं दुकानदार म्हणालाच, तर एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते दाखवा म्हणा.

आधी स्पीड पोस्टाने नोटीस द्या. गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम द्या, नाहीतर दुरुस्तीचा खर्च आणि भरपाई द्या, असं मुदत घालून लिहा. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही विक्रेते तेवढ्यानेही बोलणी करतात. नाही ऐकलं तर सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५० लाखांपर्यंतची खरेदी तिथे चालते, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे, पण तेवढं थांबलात तर गाडीची अवस्था बदलेल आणि समोरचा नेमकं त्यावरच बोट ठेवेल. तज्ज्ञाकडून तपासणीची मागणी तक्रारीतच करा.

दुकानदार ‘अर्धा खर्च देतो’ म्हणाला तर घेऊ नका असं मी म्हणणार नाही. गाडीविना घर अडत असेल तर तोही मार्ग आहे. मात्र ‘आता काही तक्रार नाही’ अशा कागदावर पैसे खात्यात आल्याशिवाय सही करू नका.

राहिली आरसी. गाडी परत द्यायची की ठेवायची, हे आधी ठरवा. ठेवणार असाल तर नाव बदलण्याचा अर्ज ३० दिवसांत आरटीओकडे गेला पाहिजे, आणि विमा नावावर करायला विमा कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. तो राहिला असेल तर आजच द्या. परत देणार असाल तर नोटिशीत तसं स्पष्ट लिहा आणि तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.