नखाला लागलं पाहिजे

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फाईल घेऊन सांगलीच्या गणपती पेठेत माझ्याकडे आलीस आणि चहा निवून गेला तरी घोटभर घेतला नाहीस. तुमच्या सराफी दुकानाची मिरजेला शाखा काढू का, मुंबईहून तयार माल आणू की बाबांच्याच पाटावर घडवून भागवू, दोन तास हेच फिरवून फिरवून विचारत होतीस. मी 'बघू' म्हणून वाटेला लावलं. खरं तर वैतागलो होतो. तुझ्यावर नाही, त्या फाईलीवर. तिच्यात चौरस फुटाचं भाडं होतं, जाहिरातीचा खर्च होता, मोडीला परत येणाऱ्या दागिन्याचं मात्र एक पान नव्हतं.

माझं म्हणणं एकच आहे. आपल्या दुकानातून गेलेला दागिना वीस वर्षांनी दारात आला, तर हातात घेताक्षणी तो आपला की परका हे कळलं पाहिजे. तेवढंच वाढ.

हे मी कुठे शिकलो ते ऐक. आमच्या वडिलांनी १९६३ सालचा १४ कॅरेटचा नियम भोगला होता, त्याहून शुद्ध सोन्याचे दागिने घडवायलाच बंदी. तेव्हा पाटावरून उठून ते सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला बसले. १९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदा उठला आणि मला वाटलं, आता आपले दिवस आले. दोन लग्नसराया अशा गेल्या की बोरमाळा पुऱ्या पडेनात. मग बाहेरून तयार माळा आणल्या, आपल्या लाल डबीत घातल्या आणि विकल्या. वडील बोलले काही नाहीत. डबीकडे बघत राहिले.

आठ-नऊ वर्षांनी कवठेमहांकाळकडची एक बाई त्यातली माळ मोडायला घेऊन आली. मुलाची इंजिनिअरिंगची फी भरायची होती. आमच्या बोरमाळेच्या मण्याला वडील तोंडाशी तारेचे दोन वेढे द्यायचे, दुसरा पहिल्याहून बारीक. अंधारातसुद्धा नखाला लागायचा. या माळेवर नख फिरवलं तर काहीच लागेना. एक मणी कापून बागेसरीवर, म्हणजे सोनाराच्या शेगडीवर धरला, आणि आत भरलेली लाख निघतच राहिली. बिलात धरली होती त्याच्या जवळजवळ दुप्पट. समोर बाई, तिच्या हातात बिल, बिलावर माझी सही. आणि मी काय केलं? 'ही आमची घडण नव्हे' म्हणालो आणि लाखेची पुरती वजावट केली. खोटं नव्हतं ते, घडण आमची नव्हतीच! बाईनं नोटा मोजल्या नाहीत, तशाच पिशवीत टाकल्या. पुन्हा ती आमची पायरी चढली नाही, आणि तिच्या गावातलंही कुणी आलं नाही.

तू म्हणशील, आता हॉलमार्क आहे. आहे, आणि बरं झालं. २०२१ च्या जूनपासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला, २०२३ च्या एप्रिलपासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय असा माल विकता येत नाही. ९१६ म्हणजे ९१६, बावीस कॅरेट. पण तो शिक्का सोन्याचा कस सांगतो. कडीला डाग देऊन ती कुणी जोडली, ती दहा वर्षांत झिजेल का, ठुशीचा दोरा मणी कापणार की टिकणार, हे तुझं तुलाच सांगता आलं पाहिजे.

गाडगीळांचं उदाहरण दिलंस. गणेश गाडगीळांनी १८३२ साली सांगलीत पेढी काढली, घराणं १९५८ साली पुण्यात गेलं, मग आपणच का इथं बसायचं? नको बसू. पण त्या दोन सालांच्या मध्ये सव्वाशे वर्षं आहेत आणि तुझ्या फाईलीत अठरा महिने.

वाढ बघायची तर विटा-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांची बघ. दुष्काळी रानात काही पिकेना म्हणून सोनं-चांदी गाळायला बाहेर पडली ही माणसं, आज देशभरच्या सराफ बाजारांत सापडतात. एकानं जायचं, भट्टी शिकायची, मग भावाला नाहीतर मेव्हण्याला न्यायचं. त्याचा हात बसला की त्यानं वेगळी भट्टी लावायची. हात आधी तयार, भट्टी मागून. तू आधी शोरूमची काच बसवणार आणि मग हात शोधणार.

आणि ती जाहिरात! 'पाचव्या पिढीचा वारसा', वर आजोबांचा फेट्यातला फोटो. तुमच्या पाटावर बसतात ती दोन बंगाली पोरं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्यांचा हात माझ्याहून बारीक आहे. पण आजोबा काय आता फुंकणी धरणार आहेत? त्या पोरांना तुमच्या ठुशीची बांधणी शिकव, दिवाळीला गावी गेली तरी परत यावीशी वाटतील एवढं दे. बँकेचं कर्ज नंतर बघता येईल.

आमचा धाकटा भाऊ म्हणतो, दादाला वाढता आलं नाही म्हणून त्यानं हे तत्त्व काढलं. त्याचं कोल्हापुरात दोन मजली शोरूम आहे, मी अजून सायकलवर. असेल त्यात थोडं खरं. १९९५ च्या सुमाराला पुण्यातली एक जागा हातची सोडली, तिचा आजचा भाव कुणी काढला की जेवण जात नाही मला. २०१९ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं तेव्हाही संगणक तसाच सोडून वडिलांचे दागिने घडवायचे ठसे तेवढे डोक्यावरून बाहेर काढले. बायको अजून ते ऐकवते. ऐकवू दे. संगणक नवा आला, ठसे कुठून आणले असते?

तरी मिरजेला नको असं मी म्हणत नाही. पुढच्या रविवारी ये. तुमच्या घडणीची एक ठुशी बाबांकडून मागून आण. मी माझ्याकडच्या चार काढून ठेवतो. चष्मा न लावता, दिवा मालवून, पाचातली तुमची कुठली ते सांग. मग फाईल उघडू. आणि चहा गरम असताना पी.

तुझा,
काका